बॉण्ड मोडायचा तर

खासगी रुग्णालयात नव्या नर्सची नेमणूक होते तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्यापुढे कागदांचा गठ्ठा येतो. नेमणूकपत्र, बँक खात्याचा फॉर्म, गणवेशाची मापं, हिपॅटायटिस-बीच्या लशीची नोंद आणि या सगळ्यांत एक स्टॅम्प पेपर. त्यावरचा मजकूर असा, की मी इथे दोन वर्षं काम करीन आणि त्याआधी सोडलं तर अमुक इतके रुपये भरीन. मुदत कुठे एक वर्षाची असते, कुठे तीन वर्षांची. खाली तिची सही, शेजारी साक्षीदाराची. साक्षीदार म्हणून बरेचदा वडील किंवा मामा आलेले असतात आणि त्यांना हा कागद म्हणजे नोकरी पक्की झाल्याची खूण वाटते. ‘पोरीची दोन वर्षांची चिंता मिटली,’ असं घरी सांगितलं जातं. कागद नीट वाचला तर वेगळंच दिसतं. तिने जाऊ नये याचा बंदोबस्त त्यात आहे. रुग्णालयाने तिला काढू नये याबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते.

वॉर्डात या कागदाला ‘बॉण्ड’ म्हणतात. सहा-आठ महिन्यांत एखादीला नोकरी सोडावीशी वाटू लागली, की हॉस्टेलवर तिला चार गोष्टी ऐकवल्या जातात. पोलीस केस होईल. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन जाईल. ओरिजिनल्स परत मिळणार नाहीत. आणि दुसरीकडे कुणी घेणार नाही. या चारही भीतींच्या मुळाशी काही ना काही आहे, पण प्रत्येकीचा आकार ऐकीव गोष्टीपेक्षा बराच लहान किंवा निराळा आहे. तो समजून घ्यायचा तर एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो: पैसा कुणी कुणावर खर्च केला, आणि त्यातला किती अजून फिटायचा आहे?

पहिलं वर्ष जड का जातं

जीएनएमची तीन वर्षं किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं पूर्ण करून, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवून मुलगी वॉर्डात येते. कॉलेजात तिने एकेका रुग्णाचा केअर प्लॅन लिहिलेला असतो, तोही सवडीने. इथे पहिल्याच नाइटला तिच्या वाट्याला येणारे रुग्ण मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत. अतिदक्षता विभागात दर रुग्णामागे एक नर्स असावी असं मानक आहे. प्रत्यक्षात ते अनेक ठिकाणी कागदावरच राहतं. औषधांच्या वेळा, सलाइन बदलणं, डॉक्टरांचे फोनवरचे आदेश, नातेवाइकांचा राग, बिलिंगची विचारणा आणि शेवटी हँडओव्हर. ड्युटी संपली तरी रजिस्टर पूर्ण करायला थांबावं लागतं.

या धक्क्याचा पद्धतशीर अभ्यास मार्लीन क्रेमर या अमेरिकी संशोधक नर्सने केला. १९७४ साली आलेल्या ‘रिअॅलिटी शॉक’ या पुस्तकात तिने दाखवलं, की नव्या नर्सचा सुरुवातीचा काळ टप्प्याटप्प्याने जातो. आधी सगळं छान वाटण्याचे दिवस, मग शिकलेलं आणि दिसणारं यांतली दरी कळून बसणारा धक्का, आणि त्यानंतर सावरणं. नोकरी सोडण्याचा विचार बळावतो तो दुसऱ्या टप्प्यात. म्हणजे ज्या महिन्यांत ‘मला हे जमणारच नाही’ असं वाटतं, ते महिने बहुतेक सगळ्याच जणींच्या वाट्याला येतात. त्यावरून आपण या पेशाला नालायक आहोत असा निष्कर्ष काढणं चूक. पण ‘सगळ्यांना त्रास होतो, तूही सोस’ हा निष्कर्षही तितकाच चूक. धक्का कमी करणं रुग्णालयाच्या हातात असतं. सोबतीला अनुभवी सिस्टर देणं, पहिल्या महिन्यांत एकटीवर नाइट न टाकणं, चूक झाली तर चारचौघांत न ओरडणं, ही त्याची साधी साधनं आहेत.

दुसरं नाव पॅट्रिशिया बेनर. १९८४ सालच्या ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ या पुस्तकात तिने नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यातली मधली पायरी, म्हणजे स्वतः आखणी करून काम पेलण्याची क्षमता, साधारणपणे एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेल्यावर येते, असं तिचं निरीक्षण होतं. बॉण्डच्या मुदतीचं गणित इथे उलगडतं. नर्स पुरती उपयोगी पडू लागते तो काळ आणि बॉण्डचा काळ जवळपास एकच आहे.

रुग्णालयाची बाजूही इथूनच समजते. सुरुवातीच्या महिन्यांत नव्या नर्सला पगार द्यायचा, शिवाय तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टरचा वेळ खर्चायचा, आणि ती तयार झाली की ती आखाती देशात किंवा पलीकडच्या मोठ्या रुग्णालयात निघून जाणार. मेट्रनची ही तक्रार खोटी नाही. अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये एक नर्स सोडून गेल्याने रुग्णालयाला बसणारा सरासरी फटका पन्नास हजार डॉलरच्या वर काढला जातो. त्यात जागा भरेपर्यंतचा ओव्हरटाइम, जाहिरात, नव्या व्यक्तीचं प्रशिक्षण हे सगळं धरलेलं असतं. प्रश्न एवढाच, की हा खर्च कुणाच्या खिशातून भरून काढायचा.

आगाऊ बक्षीस आणि आगाऊ दंड

इथे अमेरिका आणि भारत यांच्यात पैशाची दिशाच उलटी आहे.

अमेरिकेत नर्सेसचा तुटवडा असलेली रुग्णालयं नव्या नर्सला रुजू होताना बोनस देतात. समजा दहा हजार डॉलर दिले आणि बदल्यात दोन वर्षं राहण्याचं वचन घेतलं. मुदतीआधी सोडलं तर बोनस परत करायचा. करार बरा असेल तर राहिलेल्या महिन्यांपुरता, कडक असेल तर पूर्ण. त्यात एक खाच असते. असा बोनस देताना केंद्रीय प्राप्तिकरापोटी बहुधा २२ टक्के कापून घेतले जातात, त्याशिवाय सामाजिक सुरक्षेचा कर. हातात पडतात साधारण सात हजार आणि परत मागितले जातात मात्र दहा हजार. वर्ष उलटून गेलं असेल तर भरलेला कर परत मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. तरीही तिथे एक गोष्ट स्पष्ट आहे: पैसे खरोखर दिले गेले आहेत, आणि परत मागितले जातात ते त्यातलेच.

कॅलिफोर्निया राज्याने हा व्यवहार आणखी घट्ट बांधून घेतला आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथे होणाऱ्या करारांत ‘राहा नाहीतर भरा’ अशा अटींना सर्वसाधारण मनाई आहे. रुजू होतानाच्या बोनसला सूट आहे, पण अटींसह. त्याचा करार वेगळा हवा, वकिलाला दाखवायला कामाचे पाच दिवस मिळायला हवेत, मुदत दोन वर्षांहून अधिक नको, परतफेड राहिलेल्या काळाच्या प्रमाणात आणि बिनव्याजी हवी, आणि ‘बोनस आत्ता नको, मुदत संपल्यावर द्या’ असं म्हणण्याची मुभा हवी. ब्रिटननेही परदेशातून नर्सेस आणणाऱ्या संस्थांसाठीच्या आचारसंहितेत २०२२ मध्ये परतफेडीच्या अटींबद्दल तत्त्वं घातली: अट आधी स्पष्ट सांगितलेली असावी, रक्कम खर्चाच्या प्रमाणात असावी, आणि माणसाची परिस्थिती पाहून ती लवचीक ठेवावी.

आपल्याकडच्या बॉण्डमध्ये बहुतेक वेळा आगाऊ काहीच दिलेलं नसतं. बोनस नाही, शिष्यवृत्ती नाही, परदेशी प्रशिक्षण नाही. आहे ती केवळ सोडताना भरायची रक्कम. काही बॉण्डांमागे मात्र खरा खर्च असतो. रुग्णालयाच्याच नर्सिंग कॉलेजात फी माफ करून किंवा विद्यावेतन देऊन शिकवलेलं असतं आणि त्या बदल्यात सेवा मागितलेली असते. सैन्याच्या नर्सिंग कॉलेजांमध्येही शिक्षणाच्या बदल्यात मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये सेवा द्यावी लागते. असे बॉण्ड आणि काहीही न देता लिहून घेतलेले बॉण्ड एका पंगतीत बसत नाहीत, जरी दोन्हींचा स्टॅम्प पेपर सारखाच दिसत असला तरी.

आगाऊ दंडाची ही पद्धत कुठवर जाऊ शकते, हे अमेरिकेतच गेलेल्या फिलिपिनो नर्सेसनी अनुभवलं. २००६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका शुश्रूषागृहातल्या दहा फिलिपिनो नर्सेसनी राजीनामे दिले. पगार, ड्युटी आणि राहण्याची सोय यांबाबत दिलेली वचनं पाळली गेली नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या देखरेखीखाली व्हेंटिलेटरवरची मुलं होती, म्हणून त्यांच्यावर फौजदारी खटलाच भरला गेला. राज्याच्या परवाना खात्याने मात्र चौकशी करून त्यांना दोष दिला नाही. त्यांनी आपापली शिफ्ट पूर्ण करून नोकरी सोडली होती. जानेवारी २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो खटलाच थांबवला. राजीनामा दिल्याबद्दल शिक्षेची भीती घालणं हे अमेरिकी राज्यघटनेतल्या वेठबिगारीबंदीच्या दुरुस्तीत बसत नाही, हा त्यातला गाभा. पुढे त्याच शुश्रूषागृहाच्या व्यवसायगटाविरुद्धच्या दुसऱ्या दाव्यात सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने करारातली २५ हजार डॉलरची रक्कम निव्वळ दंड ठरवून अवैध म्हटली.

पोलीस केस होते का?

भारतात नोकरी मधेच सोडणं एके काळी खरोखरच गुन्हा होता. १८५९ साली कंपनी सरकारविरुद्धच्या उठावाची धूळ खाली बसते न बसते तोच कामगारांच्या करारभंगाचा कायदा आला. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेट कामावर परत जाण्याचा आदेश देऊ शकत असे, आणि तो न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांतल्या मालकांच्या मागणीतून आलेला हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडावं लागलं. त्याबरोबर भारतीय दंड संहितेतली त्याच जातीची दोन कलमंही गेली.

तिसरं कलम मात्र टिकलं, आणि नर्सने ते माहीत करून घ्यायलाच हवं. जुन्या संहितेत ते ४९१ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३५७ आहे. कोवळं वय, आजार, दुबळेपणा किंवा मनोविकारामुळे जो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, अशा असहाय माणसाची शुश्रूषा करण्याचा करार असताना जाणूनबुजून ती न करणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कलमाचा रोख असहाय रुग्णाला टाकून जाण्यावर आहे. राजीनामा देऊन, नोटिशीचा काळ काढून, हँडओव्हर देऊन बाहेर पडणारी नर्स त्यात येत नाही. भर नाइटला कुणालाही न सांगता वॉर्ड सोडणारी मात्र स्वतःला अकारण अडचणीत आणते. लाँग आयलंडच्या नर्सेसना वाचवणारी गोष्टही हीच होती: शिफ्ट पुरी केलेली होती.

रजिस्ट्रेशनबद्दलही हेच. कौन्सिल व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल कारवाई करू शकते. रीतसर राजीनामा देऊन नोकरी बदलणं हे काही गैरवर्तन नव्हे. बॉण्ड मोडणं ही दोन पक्षांतली दिवाणी बाब आहे, आणि तिचा निकाल पैशात लागतो.

किती पैसे?

करार मोडणाऱ्याला न्यायालय सक्तीने कामावर बसवत नाही. व्यक्तिगत सेवेचे करार तसे राबवता येत नाहीत, हे विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं जुनं तत्त्व आहे. उरतो प्रश्न भरपाईचा, आणि या बाबतीतला कायदा घडवण्यात महाराष्ट्रातल्या एका कारखान्याचा वाटा आहे.

१९६३ साली सेंच्युरी कंपनीच्या कल्याणमधल्या टायर कॉर्ड कारखान्यात निरंजन शंकर गोलिकरी हे शिफ्ट सुपरवायझर म्हणून पाच वर्षांच्या करारावर लागले. पगार महिना ४६० रुपये. कंपनीने नऊ महिने प्रशिक्षण दिलं. १९६४ मध्ये ते ५६० रुपयांवर राजस्थानात कोट्याच्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेले. सेंच्युरी कंपनी न्यायालयात गेली आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला: कराराची मुदत चालू असताना त्याच धंद्यात दुसरीकडे काम न करण्याची अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली आपोआप अवैध ठरत नाही. मात्र तिथे कंपनीकडे परदेशी सहकार्याने मिळालेलं तांत्रिक गुपित होतं. सलाइन लावण्याच्या पद्धतीत कोणत्याही रुग्णालयाचं गुपित नसतं, म्हणून हा निकाल नर्सच्या बॉण्डला जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

१४ मे २०२५ चा विजया बँकेचा निकाल बॉण्डला अधिक जवळचा. बँकेने वरिष्ठ व्यवस्थापकाच्या पदासाठी तीन वर्षं सेवेची अट घातली होती, न पाळल्यास दोन लाख रुपये. २००९ मध्ये एका अधिकाऱ्याने दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, पैसे भरले आणि मग ती अट अवैध आहे म्हणून दाद मागितली. उच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली, सर्वोच्च न्यायालयाने बँकेची. सार्वजनिक बँकेला जाहीर भरतीची लांब आणि खर्चीक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, आणि त्या पदाच्या पगाराच्या मानाने दोन लाख ही रक्कम अवाजवी नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे ‘बॉण्ड बेकायदाच असतो’ हा हॉस्टेलवरचा दिलासा आता टिकत नाही. पण त्याच निकालाने हेही नोंदवलं, की साच्यातल्या नोकरीच्या करारांत दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते आणि अशी अट वाजवी आहे हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर असते. मोठ्या पगाराच्या व्यवस्थापकाला वाजवी ठरलेली रक्कम वीस हजारांच्या नर्सला तशीच लागू पडेल, असं गृहीत धरता येत नाही.

रकमेचा हिशेब ठरतो करार कायद्याच्या कलम ७४ वर. करारात लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा आहे. त्याच्या आत जे वाजवी तेवढंच मिळतं. दिल्ली उच्च न्यायालयापुढचं २०११ चं सिक्पा इंडिया कंपनीचं प्रकरण याचा नमुना आहे. बॉण्ड तीन वर्षांचा, रक्कम दोन लाख. कर्मचाऱ्याने दोन वर्षांनी सोडलं. प्रशिक्षणावरचा खर्च निघाला ६७,५९५ रुपये. तीनपैकी एक वर्ष उरलं होतं, म्हणून कंपनीला मिळाला त्याचा तिसरा हिस्सा: २२,५३२ रुपये. दोन लाखांचा आकडा स्टॅम्प पेपरवरच राहिला.

हेच गणित नर्सने आपल्या बाबतीत मांडून पाहावं. समजा बॉण्ड दोन वर्षांचा आणि एक लाखाचा आहे. रुग्णालयाने एका बाहेरच्या कोर्सला पाठवलं, खर्च पंधरा हजार. सोळा महिने काम झालं, आठ उरले. पंधरा हजारांचा तिसरा हिस्सा पाच हजार. एक लाख आणि पाच हजार यांतलं अंतर म्हणजेच वाटाघाटीची जागा. रुग्णालय ‘ट्रेनिंग’ म्हणून जे दाखवतं त्यात खरं शिक्षण किती आणि रोजचं काम किती, हेही विचारता येतं. वॉर्डात पहिल्या आठवड्यापासून रोस्टरवर नाव असेल तर ती शिकाऊ कमी आणि कामाची जास्त होती, हे रोस्टरच सांगतं.

ओरिजिनल्सचा प्रश्न

रुपयांपेक्षा मोठी धास्ती असते मूळ प्रमाणपत्रांची. पदवी, गुणपत्रिका, रजिस्ट्रेशन हे सगळं ‘पडताळणीसाठी’ म्हणून घेतलं जातं आणि कपाटात राहतं. दावा लावायला रुग्णालयाला वकील, फी आणि वर्षं लागतात. कपाटाला फक्त कुलूप लागतं. म्हणूनच बॉण्डची खरी ताकद स्टॅम्प पेपरमध्ये नसते, ती या कपाटात असते.

ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात एका तरुण नर्सच्या मृत्यूनंतर हा प्रश्न उघड्यावर आला. तिथल्या नर्सेस संपावर गेल्या, आणि मागण्यांच्या अग्रभागी बॉण्ड रद्द करणं आणि प्रमाणपत्रं परत देणं या दोन गोष्टी होत्या. देशातल्या इतर शहरांतही अशीच आंदोलनं झाली आणि त्याच वर्षी केरळमध्ये युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली. भारतीय परिचर्या परिषदेनेही बॉण्ड आणि प्रमाणपत्रं अडकवण्याच्या प्रथेविरुद्ध भूमिका घेतली. २०१६ मध्ये ट्रेण्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला खासगी नर्सेसच्या पगाराबाबत समिती नेमायला सांगितलं. तिने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान वीस हजार रुपये पगार असावा आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात तो सरकारी नर्सइतका असावा अशी शिफारस केली. शिफारस शिफारसच राहिली असं अनेक ठिकाणी दिसतं, तरी वाटाघाटीत तिचा उल्लेख करता येतो.

कायद्याच्या दृष्टीने प्रमाणपत्र हे सोन्याच्या पाटलीसारखं गहाण पडत नाही. २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की फी थकली म्हणून वकिलाला अशिलाच्या फायली अडवून ठेवता येत नाहीत, कारण फायली हा विकता येणारा माल नव्हे. पदवीही विकता येत नाही. म्हणून प्रमाणपत्रं परत मागणारं पत्र लेखी द्यावं, पोच घ्यावी, उत्तर न आल्यास रजिस्टर पोस्टाने पाठवावं. त्यानंतर कौन्सिल, कामगार आयुक्त कार्यालय आणि गरज पडली तर पोलीस ठाणं. परदेशाची किंवा नव्या नोकरीची तारीख तोंडावर असेल तर विद्यापीठाकडून आणि कौन्सिलकडून दुय्यम प्रत मिळवण्याचा मार्गही एकीकडे सुरू करावा.

‘दुसरीकडे कुणी घेणार नाही’ ही चौथी भीती अनुभव-प्रमाणपत्राशी बांधलेली आहे. आखातातल्या कित्येक नोकऱ्यांना एक-दोन वर्षांचा अनुभव लेखी लागतो. शेवटच्या दिवसानंतर हे पत्र मागण्यात बळ नसतं, म्हणून राजीनाम्याच्या पत्रातच रिलीव्हिंग लेटर आणि अनुभव-प्रमाणपत्र यांची मागणी लिहावी. पगाराच्या पावत्या, बँकेतली जमा, ओळखपत्र आणि रोस्टरचे फोटो जपावेत. पत्र मिळालं नाहीच तर अनुभव याच कागदांवरून दाखवावा लागतो. रुग्णांची नावं किंवा केसपेपर मात्र त्या फोटोंत येता कामा नयेत.

सोडायचं कसं

आधी सोडायचंच आहे का, हे ठरवावं. वॉर्ड नकोसा झाला असेल तर मेट्रनकडे लेखी बदली मागता येते. कित्येकींचा प्रश्न इन्चार्ज सिस्टर बदलल्यावर सुटतो. बॉण्डचे दोन-तीन महिनेच उरले असतील तर पैसे, अनुभव आणि पत्र या तिन्ही दृष्टींनी थांबणं फायद्याचं. पण पगार महिनोन्महिने थकतो आहे, कबूल केलेला विभाग दिला नाही, लैंगिक छळ होतो आहे किंवा प्रकृती ढासळते आहे, अशा वेळी गणित बदलतं. करार आधी रुग्णालयानेच मोडला असेल तर त्याच कराराच्या जोरावर भरपाई मागणं त्याला अवघड जातं. छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे करावी आणि राजीनाम्यातही कारण लिहावं. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हा शिष्टाचार अशा वेळी महागात पडतो.

राजीनामा लेखी किंवा ईमेलने द्यावा, नेमणूकपत्रातली नोटीस पाळावी आणि शेवटच्या दिवशी हँडओव्हरची सही घ्यावी. फोन बंद करून गावी निघून गेलं की रुग्णालयाला ‘अॅब्स्कॉण्डेड’ असा शेरा मारायला कारण मिळतं, आणि तो शेरा पुढच्या नोकरीच्या पडताळणीत बॉण्डपेक्षा जास्त त्रास देतो. बॉण्डच्या रकमेबद्दल बोलणं एचआरशी करावं, पण ठरेल ते कागदावर घ्यावं. हिशेब मागावा: कोणत्या प्रशिक्षणाचा किती खर्च, पावत्यांसह. नव्या रुग्णालयाला गरज असेल तर ते ही रक्कम भरायला तयार होतं. मात्र त्या बदल्यात नवा बॉण्ड पुढे केला जात नाही ना, ते पाहावं.

शेवटचा पगार बॉण्डच्या नावाखाली सगळा अडवला जातो, तेव्हा वेतन संहिता आठवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देणं कामाच्या दोन दिवसांत द्यायचं असतं, आणि पगारातली एकूण कपात निम्म्याहून अधिक होऊ शकत नाही. बॉण्डची रक्कम हवी असेल तर रुग्णालयाने ती वेगळी मागावी.

सही करण्याआधी

या साऱ्याचा सर्वांत जास्त उपयोग ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांना आहे. पहिल्या नोकरीत कागद उलटून वाचायचा म्हणजे उद्धटपणा वाटतो, आणि साक्षीदार म्हणून आलेल्या वडिलांनाही तो तसा वाटू शकतो. तरी काही गोष्टी शांतपणे विचाराव्यात. बॉण्डच्या रकमेच्या बदल्यात रुग्णालय माझ्यावर नेमका कोणता खर्च करणार आहे? काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात ती रक्कम उतरत जाते, की तेविसाव्या महिन्यातही पूर्ण भरावी लागते? पडताळणी झाल्यावर ओरिजिनल्स कोणत्या तारखेला परत मिळतील, आणि आज त्यांची पोच मिळेल का? तुम्ही मला काढलं, किंवा पगार थकवला, तर बॉण्डचं काय होईल? आणि या कागदाची एक प्रत आज माझ्याकडे राहील का?

चांगल्या रुग्णालयाला या प्रश्नांची उत्तरं द्यायला पाच मिनिटं लागतात. जिथे ती टाळली जातात, तिथे निदान प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ कागद घरीच ठेवावेत. सही होऊन गेल्यावर बॉण्डशी भांडायचं असेल तर कायदा बाजूला असूनही महिने जातात. ओरिजिनल्स स्वतःच्या कपाटात असतील तर त्या भांडणातलं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.